निरोपाच्या आठवड्यात घसा बसला

जर्मनीत माझ्याशी मराठीत बोलणारं माणूस म्हणजे एकटा नवरा, आणि तो मुळातच मोजकं बोलणारा. मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात राहते. त्यामुळे वर्षभराचं बोलणं माझ्या पोटात साठून राहतं आणि जानेवारीत साताऱ्याला माहेरी आले की तीन-साडेतीन आठवड्यांत मी ते सगळं मोकळं करते. रिक्षातून उतरताना माझी सुरुवात होते. आई दारातच म्हणते, "अगं, आधी चपला तरी काढ."

या वर्षी परत जायला पाच दिवस उरले होते आणि माझा आवाज गेला.

गेला तो वाईत. वडील होते तेव्हा त्यांच्या नोकरीमुळे माझी शाळा वाईला झाली. शाळेतल्या आम्ही नऊ जणी रविवारी कृष्णेच्या घाटावर जमलो होतो. पलीकडे कुणाच्या तरी घरचं कार्य होतं आणि त्यांनी भला मोठा स्पीकर लावला होता. त्या गाण्यांच्या वर माझं ऐकू जायचं तर ओरडायलाच हवं होतं. मी ओरडले. सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत ओरडले. मधे जानेवारीच्या थंडीत दोन वेळा बर्फाचा गोळा खाल्ला, एक काला खट्टा आणि एक नुसताच लाल. परतीच्या एसटीत माझा आवाज फाटक्या फडक्यासारखा येत होता. सोमवारी सकाळी आईला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली.

डॉक्टरांकडे मला भावजय घेऊन गेली. ती माझ्या धाकट्या भावाची बायको. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण तिचं-माझं बोलणं म्हणजे "ताई, चहा ठेवू?" आणि "ताई, गरम पाणी काढलंय" एवढंच. ती अबोल आहे असं मी सगळ्यांना सांगत असे. कौतुकानंच सांगत असे.

डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस सलग बोलत होता?"

मी खांदे उडवले. भावजय म्हणाली, "एकवीस."

तिचा चेहरा अगदी सरळ होता. डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "चार दिवस पूर्ण मौन. एक शब्द नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्यानं घसा जास्त बिघडतो. शुक्रवारी विमान आहे ना? मग ऐका माझं."

बाहेर पडल्यावर समोरच्या स्टेशनरीच्या दुकानातून तिनं मला एक पांढरी पाटी आणि काळं मार्कर घेऊन दिलं. मी पहिलं वाक्य लिहिलं, "आता माझ्या सगळ्या भेटी राहिल्या." ती म्हणाली, "राहतायत कशाला? मी येते बरोबर. तुमच्या वतीनं मी बोलेन."

घरी आईनं आधी मीठ-पाण्याच्या गुळण्या सुरू केल्या. मग दोन-तीनदा खोलीत येऊन माझ्याकडे बघून गेली. शेवटी म्हणाली, "घर कसं शांत शांत झालं गं. तू आत्ताच गेल्यासारखं वाटतंय." तिचे डोळे भरले होते. मी तिचा हात धरला. तिनं दोन मिनिटं धरू दिला, मग सोडवून घेतला आणि टीव्ही लावला. तीन आठवड्यांत तिला तिची मालिका धड ऐकू आली नव्हती.

मंगळवारी आम्ही दोघी भावाची गाडी घेऊन निघालो. भावाला ऑफिस होतं, गाडी भावजयीनं चालवली. ती इतकी चांगली गाडी चालवते हे मला माहीत नव्हतं. उसाच्या ट्रॉल्यांना शांतपणे वाट देत, नको तिथं हॉर्न न वाजवता ती आष्ट्याला पोचली.

आष्ट्याला माझे मामा राहतात. फौजेत तोफखान्यात होते, निवृत्त होऊन आता पंचवीसेक वर्षं झाली. मामी गेल्यापासून शेतातल्या घरात एकटेच असतात, डबा गावातून मुलाच्या घरून येतो. तोफांनी त्यांचे कान गेले, असं आम्ही म्हणतो. ते म्हणतात मामीच्या भांडणानं गेले. त्या दिवशी मागच्या वावरात ऊसतोड चालली होती आणि मामा टोपी घालून बांधावर उभे होते.

"आलीस व्हय? ये ये. आमाला वाटलं न्हाईच येत. आज लय लवकर आलासा."

भावजय त्यांच्या कानाशी जाऊन ओरडली, "मामा, ताईंचा घसा बसलाय!"

"कोण बसलंय?"

"घसा! घसा! बोलायचं नाही सांगितलंय!"

"बसा की मग. उभ्या का?"

शेवटी मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, अक्षर अक्षर वाचलं आणि हसायला लागले. इतके हसले की खाटेवर बसावं लागलं. "म्हंजे मला ऐकाय येत न्हाई आन् तुला बोलाय येत न्हाई. झालं की गं पोरी! आता कशाचा घोळच न्हाई."

चहा त्यांनी स्वतः केला, उसाचा रस घातल्यासारखा गोड. मग आतून काकवीचा पाच लिटरचा कॅन आणून माझ्यापुढे ठेवला. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. विमानात काकवी कशी नेणार? ते भावजयीकडे बघून म्हणाले, "काय म्हंतीय?"

भावजय त्यांच्या कानात मोठ्यानं म्हणाली, "ताई म्हणतात, एकानं काय होणार? दोन द्या!"

मामा खूश होऊन दुसरा कॅन आणायला आत गेले. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती म्हणाली, "तुम्ही नाहीच म्हणालात की ते आठवडाभर जेवत नाहीत. आणि काकवी आपल्याकडे संपलीच आहे." तिच्या गालात हसू होतं. सोळा वर्षांत ते मी पाहिलं नव्हतं, की बघायला मला वेळ नव्हता, कोण जाणे.

मामांच्या मुलानं त्यांना कानाचं मशीन आणून दिलंय हे मला माहीत होतं. मी पाटीवर लिहिलं, "मशीन कुठं आहे?" त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "घाला ना," मी लिहिलं.

"आज? आज घालून काय ऐकू? तुझी पाटी?"

यावर आम्हा दोघींना हसू आवरेना. मामांनी मात्र चष्मा काढून पुसला, परत घातला. मग म्हणाले, "तुला आज बोलाय येत न्हाई म्हून एक सांगतो. ऱ्हावदे मनात, म्हंलं होतं, पन सांगतोच. तू म्हैन्याच्या म्हैन्याला फोन करतीस न्हवं तिकडनं? अर्धा-अर्धा तास बोलतीस. त्यातलं मला काय बी कळत न्हाई."

मार्करचं टोपण मी परत लावलं.

"तुझा आवाज कळतोय. तूच हायस ते कळतंय. अक्षरं न्हाईत कळत. तू थांबलीस की मी व्हय म्हंतो. न्हाईतर 'झ्याक झालं' म्हंतो. कवा कवा चुकत आसंल माझं."

चुकलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे गेल्या वर्षीचा फोन उभा राहिला. मी ज्या ग्रंथालयात काम करत होते तिथलं माझं कंत्राट संपलं, पुढं वाढवलं नाही. मी मामांना फोन करून रडत-रडत सांगितलं होतं. सगळं सांगून थांबले तेव्हा ते म्हणाले होते, "लय झ्याक झालं! आता पेढे वाट." दोन दिवस मला राग आला होता. तिसऱ्या दिवशी वाटलं, फौजी माणूस, संकटाला असंच सामोरं जायचं असतं हे त्यांना मला शिकवायचं असेल. मग तो किस्सा मी तिकडच्या मैत्रिणींना, शेजारणीला, नव्या कामाच्या मुलाखतीतसुद्धा सांगितला. माझे मामा म्हणजे कसे, तर नोकरी गेली म्हटल्यावर पेढे वाट म्हणाले.

ते सगळं मला पाटीवर लिहिता येईना. पाटी त्यासाठी फारच लहान होती. मी एवढंच लिहिलं, "मग फोन का घेता?"

मामांनी वाचलं. "घ्याचा न्हाई व्हय? एवढ्या लांबनं करतीस."

तिथून निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, भावजयीच्याही ठेवला आणि तिला म्हणाले, "ही तिकडं गेली की तू येत जा गं. तुझं ऐकाय येतंय मला."

"कारण मी ओरडते ना मामा!" ती ओरडली.

आष्ट्याहून सांगली जवळच. तिथं माझी कॉलेजातली मैत्रीण आहे. वसतिगृहात आम्ही दोघी तीन वर्षं एका खोलीत राहिलो. पुढं तिचं लग्न सांगलीतच हळदीच्या व्यापाऱ्याशी झालं. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून मार्केट यार्डातलं दुकान ती एकटी सांभाळते. मी दर वर्षी तिच्याकडे दोनदा जाते, आल्यावर एकदा आणि जाताना एकदा. याही वेळी दहा दिवसांपूर्वी मी तिच्या दुकानात तीन तास बसून आले होते. पोत्यांच्या मधे, हळदीच्या वासात आणि त्या पिवळ्या धुळीत. रुमालानं नाक पुसलं की रुमाल पिवळा होतो, आणि मी घरी येऊनही तो लगेच धूत नाही.

भावजयीनं तिला सगळी हकिगत सांगितली. मैत्रिणीनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे तू बोलणार नाहीस? अजिबात?"

मी मान हलवली.

"आज, उद्या, परवा?"

मी परत मान हलवली. तिनं दुकानातल्या बाईला चहा सांगितला, गल्ल्याचं कुलूप लावलं, खुर्ची ओढून माझ्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी समोर बसली. "देवानंच दिलाय हा दिवस. आता ऐक. मी लग्न केलंय."

माझा हात आपोआप पाटीकडे गेला. तिनं पाटी उचलून भावजयीच्या मांडीवर ठेवली. "लिहायचं पण नाही. मी तुला फोनवर तीनदा सांगायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा म्हणाले, 'अगं, एक सांगायचंय', तर तू म्हणालीस, 'थांब, आधी माझं ऐक.' दुसऱ्यांदा तुझ्या घरात नळ फुटला होता. तिसऱ्यांदा मी सांगितलंसुद्धा, पण तू तेव्हा बहुतेक कुणाला तरी दार उघडत होतीस. 'वा वा, छान,' म्हणालीस आणि तुझ्या नव्या कामाचं सांगायला लागलीस. मला वाटलं, हिला पसंत नाही म्हणून विषय टाळतेय. दहा दिवसांपूर्वी तू आलीस तेव्हा म्हटलं समोरासमोर सांगू. तीन तास बसलीस. बाई, फट म्हणून ठेवली नाहीस मधे!"

ती हसत होती, पण डोळे ओले होते. मग तिनं सगळं सांगितलं. तो एसटीच्या डेपोत हिशेबनीस होता, आता निवृत्त आहे. त्याचीही बायको गेलेली. नदीकाठी सकाळी फिरायला दोघं जायची. वर्षभर नुसतं "आज धुकं आहे" आणि "आज पाणी वाढलंय" एवढंच चाललं होतं. मग एके दिवशी ती आजारी पडली, चार दिवस गेली नाही, तर तो यार्डातल्या एकेका दुकानात विचारत विचारत इथं येऊन पोचला. तिच्या दोन्ही मुलींनी होकार दिला. धाकटीनं तर साडी निवडली. सात महिन्यांपूर्वी नोंदणी करून लग्न झालं.

"आणि तू त्यांना भेटली आहेस," ती म्हणाली.

मी खुणेनं विचारलं, कधी?

"दहा दिवसांपूर्वी. इथंच. वजनकाट्यापाशी पावती लिहीत होते. तू निघताना त्यांना म्हणालीस, 'अहो, जरा एक रिक्षा बघा हो माझ्यासाठी.'"

मला तो माणूस आठवला. पांढरा शर्ट, कानामागे पेन. मी त्याला नवा कारकून समजले होते. त्यानं निमूटपणे बाहेर जाऊन रिक्षा आणली होती, माझी पिशवीही आत ठेवली होती. आणि मी, आता लिहितानाही कान तापतात, त्याला म्हणाले होते, "चांगला माणूस मिळालाय हिला."

हे मी पाटी हिसकावून घेऊन लिहिलं. मैत्रिणीनं वाचलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसली. "अगं, ते वाक्य त्यांनी घरी येऊन मला तीनदा सांगितलं. ते म्हणत होते, तुझ्या मैत्रिणीला पसंत आहे."

तेवढ्यात तोच माणूस गरम भजी घेऊन आला. त्याच्यापुढे मी पाटीवर "माफ करा" लिहून धरली. त्यानं चष्म्यातून वाचलं आणि काळजीनं विचारलं, "का हो? रिक्षावाल्यानं काही त्रास दिला का?"

मला त्याला खूप काही सांगायचं होतं. माझी मैत्रीण परीक्षेच्या आधी कशी नखं खायची, तिला रात्रीच्या ताटात दही लागतंच, ती रागावली की बोलत नाही, भांडी घासत बसते. आणि तिला एवढं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही, हेही. मी भावजयीकडे पाहिलं. ती उठली, जरा अवघडली आणि त्याला म्हणाली, "ताई म्हणतायत, त्यांना फार आनंद झालाय. म्हणतायत, हिची आम्हाला काळजी वाटायची, ती आता वाटणार नाही. आणि पुढच्या वर्षी आल्या की ताई तुमच्या घरी राहायला येणार आहेत."

मी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण त्यात बदलायला माझ्याकडे काही नव्हतं.

साताऱ्याला परत येताना उन्हं उतरली होती. पेठ नाक्यापर्यंत भावजय नुसती गाडी चालवत होती. मग एकदम म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्हाला आत्ता बोलता येत नाहीये म्हणूनच विचारते. शुक्रवारनंतर मला जमायचं नाही."

मी मान हलवली. ती समोर रस्त्याकडे बघत राहिली.

"मी ब्लाऊजवर आरी वर्कचं भरतकाम करते, ते तुम्हाला माहितीये. आई म्हणतात, छंद आहे. पण आता छंद नाही राहिला तो. लग्नसराईत मला नाही म्हणावं लागतं इतकी कामं येतात. ती लाकडी चौकट मी हॉलमध्ये मांडते, आणि कुणी आलं की उचलून दिवाणाखाली सरकवते. दिवसातून तीन-चारदा. मण्यांचे डबे स्वयंपाकघरात आहेत. गेल्या महिन्यात एक डबा मोहरीत सांडला. वरची खोली आहे ना, तुमची..." ती थांबली. पुढच्या ट्रकला ओलांडून मग म्हणाली, "तिला उत्तरेची खिडकी आहे. दिवसभर सारखा उजेड असतो. वर्षातले अकरा महिने ती बंद असते, मी फक्त झाडायला जाते. मी कधी म्हटलं नाही, कारण तुम्ही दर वर्षी आलात की वर जाता आणि म्हणता, माझी खोली तशीच ठेवलीत गं, किती बरं वाटतं. लगेच काही सांगू नका. सांगू शकत नाहीच म्हणा."

मग कराड आलं, उंब्रज आलं, आणि ती बोलत राहिली. कोणत्या गावची नवरी काय मागते, जरदोजीची तार कुठं मिळते, पाठीवर मोर काढायला किती दिवस लागतात. मी अबोल म्हणत होते ती बाई अडीच तासांतले दीड तास बोलली, आणि छान बोलली.

मी काही एका क्षणात मोठ्या मनाची झाले नाही. त्या संध्याकाळी मला रागच आला. आधी भावाचा आला, त्यानं का सांगितलं नाही म्हणून. मग मनात म्हटलं, एवढी एक खोली, तीही आता आपली नाही. त्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. मी त्या खोलीत बारावीचा अभ्यास केला, लग्नाच्या आदल्या दिवशी तिथंच बसून रडले. पाटी मी उशाशी उलटी ठेवून झोपले.

बुधवारी सकाळी दार आतून लावून मी खोलीकडे नीट पाहिलं. कपाट उघडलं तर डांबरगोळ्यांचा वास अंगावर आला. आत काय होतं? मला न होणारे सहा ड्रेस, कॉलेजच्या वह्या, कुणाच्या तरी लग्नातल्या नऊ रुखवती बाहुल्या, फुटकी गरम पाण्याची पिशवी आणि एक मच्छरदाणी. गेली एकोणीस वर्षं ही सगळी माझी वाट बघत होती आणि मी दर जानेवारीत कपाट उघडून, बघून, परत लावत होते. मला खोली हवी होती असं नाही. ती कुणीतरी राखून ठेवलीय, एवढं हवं होतं.

मी ओढणी कमरेला बांधली आणि सामान खाली आणायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला आईनं जिन्यात अडवलं.

"हे काय चाललंय?"

मी लिहिलं, "वरची खोली हिच्या कामाला."

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या भावजयीकडे. "अगं, पण मग तू आलीस की झोपशील कुठं?"

"तुझ्याजवळ," मी लिहिलं.

"मी घोरते."

"माहीत आहे."

आईनं माझ्या हातातल्या बाहुल्या घेतल्या. "या तरी कशाला ठेवल्या होत्यास इतकी वर्षं?" म्हणत ती त्या शेजारच्या घरी देऊन आली. भावजय पुढं आली. तिनं माझ्याकडून मच्छरदाणी घेतली आणि आम्ही दोघींनी मिळून पलंग जिन्यातून कसाबसा खाली उतरवला. तो जिन्याच्या वळणावर अडकला. माझ्या तोंडात चार सूचना आल्या होत्या. त्या देता येत नव्हत्या म्हणून मी गप्प उभी राहिले, आणि तिनं तो तिच्या पद्धतीनं तिरका करून सहज काढला.

संध्याकाळी भाऊ ऑफिसातून आला आणि चौकट वर नेऊन खिडकीपाशी मांडून दिली. मग बायकोकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाला, "तुमचं हे कधी ठरलं?" दोघींपैकी एक बोलू शकत नव्हती आणि दुसरी बोलली नाही.

गुरुवारचा अख्खा दिवस मी वर बसून काढला. निरोपाला येणारे लोक वरच आले, जिना चढून, धापा टाकत. आत्या आली, शेजारच्या काकू आल्या. प्रत्येकीनं आधी माझ्या घशाची चौकशी केली आणि मग चौकटीवरच्या त्या गर्द जांभळ्या ब्लाऊजवर वाकून म्हणाली, "हे तू करतेस होय गं?" काकूंनी तर जागच्या जागी नातीच्या लग्नाची दोन ब्लाऊजं ठरवली. मी कोपऱ्यात बसून मणी रंगाप्रमाणे वेगळे करत होते. दुपारी भावजयीनं मला आरीची सुई हातात दिली, साखळीचा टाका कसा घालायचा ते दाखवलं. पाच टाके बरे पडले. सहाव्याला सुई थेट बोटात गेली.

"आई गं!"

घोगरा, खरखरीत, पण आवाज होता. आणि खालून स्वयंपाकघरातून लगेच उत्तर आलं, "काय गं?"

आईला मी मौनात आहे याचा विसरच पडला होता. भावजयीनं एका हातानं माझं बोट दाबून धरलं, दुसरा हात माझ्या तोंडावर ठेवला आणि म्हणाली, "श्श. अजून आजचा दिवस आहे." मग हसूच आलं, आणि हसण्याला डॉक्टरांनी बंदी घातलेली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दहाच्या पुणे गाडीनं मी निघाले. भावजय स्टँडवर आली नाही. तिच्याकडे कोरेगावची एक नवरी मापं द्यायला येणार होती. आम्ही जिन्यात निरोप घेतला. ती सुईत दोरा घालत होती, तो तसाच ओठांत धरून तिनं मला मिठी मारली. "पुढच्या वर्षी येताना तिकडचे ते काचेचे मणी आणा," ती म्हणाली. "पैसे आत्ताच देऊ?" मी तिच्या दंडाला चिमटा काढला. आईनं मला दारात दही-साखर दिली, रडली, डोळे पुसले आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर. पण थोडक्यात."

भावानं बॅग गाडीत चढवून दिली. काकवीचा एक कॅन घरीच राहिला, दुसरा त्यानं तीन बाटल्यांत भरून, कपड्यांत गुंडाळून माझ्या बॅगेत घातला होता. गाडी हलली तेव्हा तो खिडकीखाली चालत आला आणि त्याला काय बोलावं ते सुचेना. मीही अजून मौनातच होते, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

पाचवड गेल्यावर शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठं चाललाय?"

त्या साठीच्या असतील. मांडीवर पिशवी, पिशवीत पेरू. मी घड्याळात पाहिलं. डॉक्टरांचे चार दिवस काल संपले होते, हिशोबानं. घसा खाकरून मी म्हणाले, "जर्मनीला."

"आगं बया! तिकडं कोन असतंय?"

मी सांगितलं. नवरा सांगितला, मुलगी सांगितली, ग्रंथालय सांगितलं, मग मामांचा फोन, हळदीचं दुकान, रिक्षा, वरची खोली, सगळं क्रमानं सांगितलं. खंबाटकीचा बोगदा आला आणि गेला, त्याच्या अंधारातही सांगत होते. बाईंनी मधे एक पेरू कापून मला अर्धा दिला. शिरवळला त्यांना उतरायचं होतं. पिशवी सावरून उठताना त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लय बोलता ओ तुमी. पन वाट कशी सरली कळलं न्हाई."

मग मी बाटलीतलं पाणी प्यायले, खिडकी थोडी पुढं ढकलली आणि पुण्यापर्यंत गप्प बसले.